मतदारयादीतील नाव

इंग्रजी अमदानीतही आपल्या देशात निवडणुका होत. परंतु मत देण्याचा अधिकार थोड्यांनाच असे. ज्याच्यापाशी मालमत्ता असे, जो ठरावीक कर भरी किंवा ज्याचे ठरावीक शिक्षण झालेले असे, तोच मतदार. शेतावर राबणारा मजूर आणि बहुसंख्य स्त्रिया या अधिकारास पारख्या होत्या.

२६ जानेवारी १९५० रोजी भारताची राज्यघटना अमलात आली. २१ वर्षांच्या प्रत्येक नागरिकास, मग तो धनिक असो वा निर्धन, साक्षर असो वा निरक्षर, एक मत मिळाले. (१९८९ पासून ही वयोमर्यादा १८ वर्षे झाली.)

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. मतदार १७ कोटींहून अधिक होते आणि त्यांतील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी ठेवून तिच्यावर त्याचे चिन्ह लावले गेले. मतदाराने आडोशाला जावे आणि चिन्ह पाहून मतपत्रिका पेटीत टाकावी. त्याचे मत कोणास पडले, हे कोणालाही कळत नसे. त्यामुळे कुळास सावकाराचे भय उरले नाही.

परंतु मतदारयाद्या तयार होत असता एक विलक्षण अडचण उभी राहिली. उत्तर भारतातील अनेक स्त्रिया परक्या माणसास स्वतःचे नाव सांगत नसत. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ एवढेच त्या सांगत. पण अमक्याची पत्नी म्हणून दुसरीच कोणी मत देऊन गेली, तर ते ओळखावे कसे? शिवाय मत हे पतीचे किंवा पुत्राचे नव्हे. ते त्या स्त्रीचे स्वतःचे. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी स्वतःचे नाव सांगण्याचा आग्रह धरला. बिहारमध्ये त्यासाठी मुदतही वाढवून दिली. तरीही सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद यादीतून गळली.

निर्णय कठोर होता. इतक्या स्त्रिया त्या वेळी मताला मुकल्या, ही हानी लहान नव्हे. पण १९५७ च्या दुसऱ्या निवडणुकीपर्यंत ही उणीव पुष्कळशी भरून निघाली. जी स्त्री आजवर कोणाची तरी आई वा पत्नी म्हणून ओळखली जात होती, तिचे स्वतःचे नाव देशाच्या दप्तरी लिहिले गेले.

स्वाध्याय

१. इंग्रजी अमदानीत मताधिकार कोणास होता?
२. गुप्त मतदानामुळे कुळाचे भय का नाहीसे झाले?
३. सुकुमार सेन यांचा निर्णय तुम्हांस योग्य वाटतो काय? कारणे द्या.