जर्मन रोजगार कार्यालयाला कागदपत्रे पाठविताना

2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. तेव्हापासून तिकडे जाण्याविषयी पुष्कळ बोलले जाते. तिथे हातचे काम सुटले तर काय करावे, याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. या पाठात आम्ही त्यातील एकच गोष्ट घेतली आहे : रोजगार कार्यालयाला कागदपत्रांसोबत जोडावयाचे पत्र.

या कार्यालयाला ‘आगेन्टूर फ्यूर आर्बाइट’ म्हणतात. बेकारी विम्याची वर्गणी कामगाराच्या पगारातून कापली जाते. सर्वसाधारणपणे मागील 30 महिन्यांत 12 महिने वर्गणी भरलेल्यास बेकारी भत्ता मिळू शकतो. म्हणजे ही खैरात नव्हे, हक्क आहे. पण हक्क कागदाने सिद्ध करावा लागतो. मागितलेली कागदपत्रे मुदतीत न दिल्यास, आधी लेखी ताकीद देऊन कार्यालय भत्ता रोखू शकते. कागद उशिरा पोचले तर मागची रक्कम देणे न देणे त्याच्या मर्जीवर राहते. तोवर घरभाडे मात्र थांबत नाही.

पत्रात पुढील गोष्टी याच क्रमाने असाव्यात :

1) वर आपले पूर्ण नाव व पत्ता. नावाचे स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणेच.
2) कार्यालयाचे नाव व पत्ता. तो त्यांच्या पत्रावरून जसाच्या तसा उतरवावा.
3) तारीख. आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, मध्ये टिंबे.
4) विषय व ग्राहक क्रमांक. यास ‘कुंडननुमर’ म्हणतात. हा नसेल तर पत्र योग्य फायलीत लागणे कठीण.
5) ‘जेर गेएर्ते दामेन उंट हेरेन’, म्हणजे ‘आदरणीय महोदया व महोदय’.
6) दोन-तीन वाक्यांचा मजकूर.
7) ‘मिट फ्रॉइंडलिशेन ग्र्यूसेन’ आणि त्याखाली हाताने केलेली सही.
8) ‘आनलागेन’, म्हणजे सोबतच्या कागदांची यादी.

मजकुराचा मराठी आशय असा :

‘आपल्या अमुक तारखेच्या पत्रात मागितलेली कागदपत्रे सोबत पाठवीत आहे. मागील मालकाचा दाखला अद्याप हाती आलेला नाही. मी त्याची मागणी केली आहे व मिळताच पाठवीन. कागदपत्रे पोचल्याचे कृपया लेखी कळवावे.

सोबत : 1. कामाचा करार, प्रत, 4 पाने. 2. कामावरून कमी केल्याचे पत्र, प्रत, 1 पान. 3. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, प्रती, 3 पाने.’

एखादा कागद मिळत नसेल तर गप्प बसू नये. कारण लिहून वाढीव मुदत मागावी. घरची हकिकत, उपकाराची भाषा, अजीजी यांची येथे गरज नाही. कार्यालयाची भाषा जर्मन असल्याने पत्र जर्मनमध्येच लिहावे. आपल्याकडील दाखल्यांचे भाषांतर मागितले जाऊ शकते. मूळ कागद पाठवू नयेत, झेरॉक्स द्यावी.

मुदत मोजताना पत्र टाकल्याची नव्हे, पोचल्याची तारीख धरली जाते. रजिस्टर पोस्टाची पावती पाकीट पोचल्याचे सांगते. आत काय होते ते सांगत नाही. म्हणून सोबतच्या कागदांची यादी महत्त्वाची. शक्य असल्यास पत्र स्वतः नेऊन द्यावे व दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यावा. कागदपत्रे ऑनलाइनही देता येतात. तेव्हाही पोच जपून ठेवावी.

दोन गोष्टी निराळ्या समजाव्यात. या पत्राने बेकार म्हणून नोंद होत नाही. ती प्रत्यक्ष हजर राहून किंवा ऑनलाइन ओळख पटवून वेगळी करावी लागते. तसेच कुशल कामगार म्हणून रहिवास परवाना असलेल्याने काम मुदतीआधी सुटल्यास, ते कळल्यापासून दोन आठवड्यांच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळविणे बंधनकारक आहे. रोजगार कार्यालयाला लिहिल्याने ते काम होत नाही.

देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा व त्यास साक्षीदार असावेत, ही सूरह बकराची शिकवण आपल्या व्यापाऱ्यांना माहीत आहे. परमुलखात शिक्क्याची प्रत हीच साक्षीदार. प्रत्येक पत्राची एक प्रत तारखेवार फायलीत लावावी. गरज पडेल त्या दिवशी तीच कामी येईल, इन्शाअल्लाह.