सशाला वारंवार उन्हाळी लागते

प्रश्न : आमच्या सशाला पुन्हा पुन्हा उन्हाळी लागते. लघवी पांढरी, घट्ट येते. मागचे केस ओले राहतात. काय करावे?
– एक वाचक, धामणगाव बढे

उत्तर : ससा खाण्यातले जादा कॅल्शियम लघवीवाटे टाकतो. म्हणून किंचित गढूळ लघवी चालते; चुन्यासारखी आली, तर मूत्राशयात गाळ साचला समजा. लसूणघास हळूहळू बंद करून साधे वाळलेले गवत भरपूर द्या. पाणी पसरट वाटीत ठेवा, पाला धुऊन ओलाच घाला. मागचे केस कोरडे ठेवा, तिथे माश्या अंडी घालतात. घरातली अमॉक्सिसिलिन तोंडावाटे मुळीच देऊ नका, ती सशाच्या जिवावर बेतते. अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेत दाखवून लघवीची तपासणी आणि एक्स-रेबद्दल विचारा. लघवी अडली, तर मात्र त्याच दिवशी जवळचा पशुवैद्य गाठा.