फ्रीडॉस आणि जुनी कीर्द-खतावणी

कित्येक पेढ्यांची जुनी कीर्द-खतावणी डॉसवर चालणाऱ्या कार्यक्रमांत अडकून पडली आहे. यंत्र बिघडले की हिशेब असूनही वाचता येत नाही, आणि हे व्यापाऱ्यास परवडणारे नव्हे. एमएस-डॉसचा काळ सरत असल्याचे दिसताच अमेरिकेतील पदार्थविज्ञानाचे विद्यार्थी जिम हॉल यांनी २९ जून १९९४ रोजी विनामूल्य पर्यायाची घोषणा केली. गाभा पॅट व्हिलानी यांनी पुरविला, आवृत्ती १.० निघावयास मात्र २००६ साल उजाडले. एवढी चिकाटी पेढीवरही विरळाच!

जुन्या कार्यक्रमांची मुख्य अडचण स्मृतीची. डॉसचा सारा संसार ६४० किलोबाइटांत. म्हणून ‘हायमेमएक्स’ व ‘जेम३८६’ चालू करून माऊस इत्यादींचे चालक त्यावरील भागात हलवावेत, म्हणजे खाली जागा मोकळी होते. चित्रमय पडदा हवा असल्यास ओपनजेम आहे. हिशेबास तो अनावश्यकच. नव्या यंत्रांत जुन्या धर्तीची बायोस-सोय नसल्यास फ्रीडॉस थेट चालत नाही. तेथे तो व्हर्च्युअलबॉक्समध्ये बसवावा. प्रथम हिशेबाच्या नकलेवरच काम करावे व अखेरची शिल्लक छापील वहीशी ताडून पाहावी.