दाढ दुखते, पगार सोळा हजार

प्रश्न: माझं गाव आटपाडी तालुक्यात. अकरा वर्षं झाली, दिल्लीत चांदनी चौकाजवळच्या कूचा महाजनीत सोनं गाळण्याच्या दुकानात काम करतो. आम्ही सात जण आहोत. पगार 16,000, राहणं मालकाकडेच. पुढचे दात झिजलेत, सारखे आंबल्यासारखे वाटतात. मागच्या चार दाढा किडल्यात. क्लिनिकवाले रूट कॅनाल आणि कॅप मिळून रोख 38,000 सांगतात, नाहीतर ‘बिनव्याजी’ 3,500 चे बारा हप्ते. त्यावर फाइल चार्ज 1,180. हप्ते घेऊ का? आयुष्मान कार्डावर हे होईल का?
– एक गलाई कामगार, दिल्ली

उत्तर: आधी हप्त्यांचा हिशोब करू, कारण सही करायची घाई तिथेच केली जाते. साडेतीन हजारांचे बारा हप्ते म्हणजे बेचाळीस हजार. रोख भाव अडतीस. वरचे चार हजार हे व्याजच आहे, त्याला नाव काहीही द्या. दर महिन्याला मुद्दल कमी होत जातं हे धरलं, तर व्याजदर वर्षाला जवळपास 19 टक्के पडतो. फाइल चार्ज मिळवला की साधारण 25 टक्के. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणं बंधनकारक आहे. व्याज, शुल्क आणि सगळं धरून पडणारा वार्षिक दर असं सारं त्या एका कागदावर असतं. क्लिनिकच्या काउंटरवर तो मागा. टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

आयुष्मान कार्डाबद्दल निराश करावं लागतंय. दिल्ली एप्रिल 2025 मध्ये या योजनेत आली खरी, पण ही योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांची आहे. दातात सिमेंट भरणं आणि रूट कॅनाल तिच्या नियमांत वगळलेलं आहे. जबड्याचं हाड मोडलं किंवा तोंडाचा कर्करोग झाला तर ती कामी येते. दुखऱ्या दाढेला नाही. खासगी आरोग्य विम्याचीही साधारण हीच रीत.

मग जायचं कुठे? तुमच्या दुकानापासून चालत लाल किल्ला मेट्रो स्टेशन, तिथून दुसरं स्टेशन दिल्ली गेट. बहादूरशाह जफर मार्गावर मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था आहे, दिल्ली सरकारची. एम्सचं दंत केंद्र आहे. ओखल्याला जामिया मिल्लियाची दंतशाखा आहे. अशा ठिकाणी बरेचदा शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. विद्यार्थी म्हणून घाबरू नका. एकेक पायरी तपासून घेतली जाते, आणि वेळ लागतो तो त्यामुळेच. तपासणी आणि दाढ काढणं मोफत किंवा अगदी नाममात्र दरात होतं. कॅप किंवा कवळीच्या सामानाचा खर्च वेगळा पडू शकतो, तो पहिल्याच दिवशी विचारून केस पेपरवर लिहून घ्या.

सरकारी दवाखान्यात पैसे वाचतात, दिवस जातात. तुमची अडचण तीच असणार, म्हणून तोही हिशोब मांडतो. महिन्याचे 26 दिवस धरले तर तुमची एक रोजी 615 रुपये. आठ फेऱ्या झाल्या आणि मालकाने आठही खाडे कापले, तरी 4,920 रुपये जातील. क्लिनिकच्या हप्त्यांत नुसतं व्याज आणि फाइल चार्ज मिळून 5,180 होतात, दाढा अजून बाजूलाच! चारही दाढा एकदम करायचा आग्रह धरू नका. कुठली आधी, कुठली थांबू शकते, कुठली काढलेलीच बरी, हे तिथल्या डॉक्टरांना सरळ विचारा.

आणखी एक वाट आहे. सवलतीच्या दरात सरकारी जमीन मिळालेल्या दिल्लीतल्या खासगी रुग्णालयांनी बाह्यरुग्ण विभागात 25 टक्के आणि खाटांपैकी 10 टक्के गरिबांसाठी मोफत ठेवायचे आहेत. दिल्ली उच्च न्यायालयाने 2007 मध्ये तसा निकाल दिला आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही अट उचलून धरली. रुग्णालयात दंतविभाग असेल तर उत्पन्नाचा कागद घेऊन ‘ईडब्ल्यूएस’ खिडकीवर जा. उत्पन्नाची मर्यादा बदलत असते, त्या दिवशीची विचारा.

आता तुम्ही न विचारलेलं. सोनं गाळताना निघणाऱ्या तेजाबाच्या वाफेने पुढच्या दातांचं कवच झिजतं, हे दंतवैद्यकाला जुनं ठाऊक आहे. तुम्ही काय काम करता ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. वाफ बाहेर ओढणारा पंखा दुकानात नसेल, तर नव्या कॅपाही त्याच हवेत राहणार आहेत. काम संपल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा, लगेच ब्रश घासू नका.

आणि ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा. दहा कामगारांची अट असल्याने सात जणांचं दुकान आपोआप त्यात येत नाही. पण 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत, मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर लहान दुकानालाही स्वेच्छेने येता येतं. 16,000 वर तुमचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे 120 रुपये. मालकाचा सव्वातीन टक्के, म्हणजे 520. त्यात तुमच्यासोबत बायकामुलांचेही उपचार आले. मालक बहुधा तुमच्याच भागातले, कदाचित पाहुणेही असतील. भांडायला जाऊ नका, हे दोन आकडे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवा. तरीही नाही म्हणाले तर एवढं ध्यानात असू द्या: 1 एप्रिल 2025 च्या दिल्लीच्या दरपत्रकात अकुशल कामगाराचं किमान वेतन महिना 18,456 आहे, कुशल कामगाराचं 22,411. (गंमत अशी की ईएसआयची पगारमर्यादा 21,000 वरच अडकली आहे. दिल्लीत कुशल कामगाराला कायद्याप्रमाणे पगार मिळाला, तर तो ईएसआयच्या बाहेर पडतो. ही विसंगती दिल्लीतल्या कुणाच्या डोळ्यांना खुपत कशी नाही, कळत नाही.)

प्रश्न: नोएडात कपड्यांच्या कारखान्यात आहे. जूनपासून पगार 20,400 वरून 22,000 झाला. मैत्रिणी म्हणतात, ईएसआय गेलं. दोन दाढांचं काम बाकी आहे.
– एक वाचक, नोएडा

उत्तर: लगेच जात नाही. ईएसआयचे वर्गणीचे दोन कालखंड असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलमध्ये तुम्ही 21,000 च्या आत होता, त्यामुळे 30 सप्टेंबरपर्यंत सभासद राहता. कपात मात्र 22,000 वर होईल, महिना 165 रुपये. कारखान्याने जूनपासूनच कपात थांबवली असेल तर लेखी हरकत घ्या. आपल्या दवाखान्यातून सेक्टर 24 च्या ईएसआय रुग्णालयाची चिठ्ठी घ्या आणि याच आठवड्यात जा. कॅपेचं माप, प्रयोगशाळा, बसवणं यात आठवडे जातात, त्यामुळे सप्टेंबरवर ढकलू नका.

प्रश्न: गुरुग्राममध्ये 7,000 रुपये देऊन बसवलेली कॅप चार महिन्यांत निघाली. डॉक्टर पुन्हा पैसे मागतात. पावती नाही, यूपीआयने दिले होते.
– एक वाचक, गुरुग्राम

उत्तर: यूपीआयची नोंद हा पैसे दिल्याचा पुरावाच आहे. कॅप निघाली म्हणजे हलगर्जी झाली, असं मात्र आपोआप ठरत नाही. म्हणून आधी दुसऱ्या, शक्यतो सरकारी, दंतवैद्याकडून कारण लिहून घ्या. मग क्लिनिकला लेखी पत्र द्या. उत्तर आलं नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच ठरवलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या सेवेच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते.

वाचकांना विनंती: प्रश्न पाठवताना पगार, कामगारांची संख्या आणि गाव जरूर लिहा. आधार, बँक खातं किंवा ईएसआयचा क्रमांक मात्र लिहू नका.