ड्रायव्हरला गप्प बसायला शिकव

अगं, तुझा कोड बघितला. टेंपरेचर सेन्सरचा ड्रायव्हर छान जमलाय, पण लॉग वाचता वाचता मला धाप लागली. ऊठसूट एरर! लिनक्समध्ये 0 ते 7 अशा आठ पातळ्या आहेत, त्या काय शोभेला?

एक सांगू? आपल्याला किती धक्का बसला यावर पातळी ठरत नाही. वाचणाऱ्याला उठून काही करावं लागणार आहे का, एवढंच बघायचं. सेन्सर उत्तरच देत नाही, प्रोब फसला? खुशाल एरर टाक. एक रीडिंग हुकलं आणि पुन्हा विचारल्यावर मिळालं, तर डीबग पुरे. डिव्हाइस ट्रीमधली किंमत चुकीची निघाली म्हणून तू डीफॉल्ट घेतलीस, तर वॉर्निंग. ती कुणीतरी दुरुस्त करायला हवी ना! 0 ते 2 या सगळ्यात गंभीर पातळ्यांच्या वाटेला जाऊच नकोस. आणि 'क्वाएट' लावून बूट केलं तरी एरर कन्सोलवर उमटतेच, म्हणजे ग्राहकासमोर शोभा.

'ड्रायव्हर लोड झाला' हा इन्फो आधी काढ. पोचल्यावर फोन करायचा नियम आईने तुला घातलाय, ड्रायव्हरला नाही! सगळं सुरळीत असेल तर ड्रायव्हरने तोंड उघडू नये, असा कर्नलवाल्यांचा आग्रहच असतो. डीबगच्या ओळी मात्र राहू देत. डायनॅमिक डीबग असेल तर कर्नल पुन्हा बिल्ड न करता हवी ती ओळ चालू करता येते.

खरा घोळ तुझ्या प्रोबमध्ये आहे. रेग्युलेटर तयार नसला की -517 येतो, म्हणजे 'नंतर ये'. कर्नल पुन्हा बोलावतोच, तरी तू दर खेपेला बोंब ठोकतेस. तिथे डेव्ह_एरर_प्रोब वापर, कर्नल 5.9 पासून आहे तो. -517 असेल तर डीबगवर कुजबुजतो, खरी चूक असेल तर एररवर सांगतो. मेमरी मिळाली नाही तर तू काहीच छापू नकोस, कर्नल स्वतःच ओरडतो.

इंटरप्ट हँडलरमध्ये तर रेटलिमिटवालाच मेसेज हवा. 115200 च्या सिरियल कन्सोलवर 80 अक्षरांच्या ओळीला साधारण 7 मिलिसेकंद जातात. इंटरप्टांचा पाऊस पडला तर बोर्ड छापतच बसेल.

पॅच पाठवण्याआधी बोर्ड रीबूट कर आणि डीमेसेजमध्ये फक्त एरर-वॉर्निंग वेगळ्या काढून बघ. तुझ्या ड्रायव्हरची एकही ओळ दिसता कामा नये. मग सेन्सरची वायर काढून पुन्हा बूट कर. आता मात्र एक ओळ दिसलीच पाहिजे, एरर कोडसकट.