पाण्याखालच्या फोटोवरचा हिरवा-निळा रंग कसा काढावा आणि किती काढावा?



गोंदिया जिल्ह्यात राहून पाण्याखालच्या फोटोंवर लेख, हे वाचून काही जण हसतील. समुद्र आपल्यापासून किती दूर! पण आपला जिल्हा तलावांचा आहे. नवेगावबांध आहे, गावोगावी कोहळी समाजाने बांधलेले मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. आणि आता साधा मोबाईलसुद्धा वॉटरप्रूफ पाउचमध्ये घालून पाण्यात धरता येतो. परिसर अभ्यासासाठी मी असे फोटो काढतो. अडचण एकच. घरी येऊन बघावं तर मासा हिरवा, गवत हिरवं, चिखलही हिरवा.

हा दोष मोबाईलचा नाही, हे आधी समजून घ्या. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात, पण पाणी ते सारखे गिळत नाही. लाल सर्वात आधी जातो. अगदी स्वच्छ पाण्यातही पाच मीटर खोलीवर गडद लाल प्रकाशाचा साधारण पाचवा भागच उरतो, निळा मात्र जवळपास तसाच असतो. म्हणून अंदमानसारख्या नितळ समुद्रातले फोटो निळे दिसतात. आणि अंतर फक्त वरून खाली मोजायचं नाही. माशावर पडलेला प्रकाश परत कॅमेऱ्यापर्यंत पाण्यातूनच येतो, तेवढ्या वाटेतही लाल कमी होतो.

तलावाचं गणित जरा वेगळं आहे. पाण्यातलं शेवाळ लाल आणि निळा असे दोन्ही रंग खातं, उरतो हिरवा. शिवाय जंगलातला पालापाचोळा पाण्यात कुजतो आणि त्याचा चहासारखा अर्क उतरतो. तो निळा रंग आणखी कमी करतो. म्हणून आपला फोटो हिरवट-पिवळा येतो. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, तिथे पर्यटक स्नॉर्कलिंग करतात. किनाऱ्याजवळच्या त्या पाण्यातले फोटोही पुष्कळदा निळ्यापेक्षा हिरवट असतात.

आता महत्त्वाचा मुद्दा. व्हिडिओमध्ये सांगतात, टेम्परेचरची पट्टी उजवीकडे सरकवा, फोटो उबदार करा. निळ्या फोटोला ते ठीक आहे, कारण निळ्याच्या विरुद्ध पिवळा. पण आपल्या फोटोत पिवळा आधीच जास्त आहे! हिरव्याच्या विरुद्ध रंग म्हणजे मॅजेन्टा, आपल्या भाषेत जांभळट गुलाबी. त्यामुळे तलावाच्या फोटोला टेम्परेचर नाही, आधी टिंटची पट्टी गुलाबीकडे न्यायची. स्नॅपसीड या मोफत ॲपमध्ये व्हाइट बॅलन्स उघडलं की दोन्ही पट्ट्या मिळतात.

अंदाजाने पट्टी सरकवण्यापेक्षा ड्रॉपर वापरा. फोटोत जे खरोखर पांढरं किंवा राखाडी आहे, त्यावर ड्रॉपर ठेवला की ॲप बाकीचे रंग त्यावरून जुळवतं. पण तलावात पांढरं आणायचं कुठून? मी पांढरं प्लास्टिकचं झाकण नेतो आणि माशाइतक्याच अंतरावर, माशाइतक्याच खोलीवर धरून एक फोटो काढतो. (पहिल्यांदा खडू नेला होता. तो भिजून हातात आला.) पाण्यावर चकाकणाऱ्या उन्हावर ड्रॉपर ठेवू नका. तिथे तिन्ही रंग शेवटच्या टोकाला गेलेले असतात, त्यातून काही कळत नाही.

इथपर्यंत सोपं आहे. खरी चूक पुढे होते, आणि ती माझ्याकडून झाली. एका हिवाळ्यात ओळखीच्या ढीवर काकांनी जाळ्यातला कतला उथळ पाण्यात धरून ठेवला, मी फोटो काढला. घरी हिरवा रंग काढता काढता मला भान राहिलं नाही. फोटो छान ‘खुलला’ होता. दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवला तर चौथीतला एक मुलगा म्हणाला, "सर, डोकं कतल्याचं अन् पर रोहूचे?" कतल्याचे पर काळपट असतात, लालसर झाक रोहूला. घरी मासेमारी असलेल्या मुलाने क्षणात ओळखलं. बाकीच्या वर्गाने मात्र लाल परांचा कतला वहीत रंगवलाही असता.

असं का झालं? जेपीजी फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. पाण्याने लाल गिळल्यावर समजा त्यातल्या पहिल्या वीसच वापरल्या गेल्या. आपण पट्टी ओढून त्या वीस पायऱ्या २५६ वर ताणतो, तेव्हा रंगासोबत कॅमेऱ्याचे दाणेही ताणले जातात आणि काळपट जागी लाल ठिपके उमटतात. कॅमेऱ्यापर्यंत लाल पोचलाच नसेल तर ॲप तो आणणार कुठून? मोबाईलमध्ये रॉ फॉरमॅट असेल तर तो लावा, त्यात पायऱ्या पुष्कळ जास्त असतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे जवळ जाणं. दुपारच्या उन्हात, हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोला दुरुस्ती फारच कमी लागते. गढूळ पाण्यात मोबाईलचा फ्लॅश नको, तरंगणारा गाळच चमकतो. टॉर्च असेल तर बाजूने धरा.

दुसरी गोष्ट, एकच दुरुस्ती अख्ख्या फोटोला लागू होत नाही. जवळच्या माशाचा रंग बरोबर केला की मागचं पाणी जांभळं होतं, कारण तिथून प्रकाश जास्त पाणी ओलांडून आलेला असतो. २०१९ मध्ये डेरया अक्कायनाक आणि ताली त्रैबित्झ या संशोधकांनी ‘सी-थ्रू’ ही पद्धत मांडली. तिच्यात फोटोतल्या प्रत्येक ठिकाणाचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर काढून त्याप्रमाणे रंग दुरुस्त होतो. आपल्या हातात ते नाही, पण स्नॅपसीडमध्ये ‘व्ह्यू एडिट्स’मधून केलेला बदल ब्रशने फक्त माशापुरता लावता येतो. मागचं पाणी हिरवट राहू द्या. तलावाचं पाणी हिरवंच असतं, त्याला पांढरं करायची घाई कशाला?

आता मी मूळ फोटो कधीच पुसत नाही. कतल्याचा फोटो झाकणावरून पुन्हा दुरुस्त केला, टिंट निम्म्यावर थांबवला. पोटाशी थोडी हिरवी झाक राहिली आहे, पर मात्र काळपट आहेत. दोन्ही प्रिंट वर्गात शेजारी शेजारी लावल्या आहेत. लावण्याआधी त्या मुलाला दाखवल्या. त्याने जवळ जाऊन पाहिलं आणि म्हणाला, "हां, आता कतला आहे."