कोट बघायला जाताय? आधी पाणी बघा

पोरांनो, सुट्टी लागली की तुम्ही मालाडहून मढच्या कोटाकडे सुटता, कधी घोडबंदर, कधी वसई. भिंतीपाशी फोटो काढता नि परत येता. पण आपल्या साष्टीचे कोट नुसत्या भिंतींवरून कळायचे नाहीत. पाण्याने जागा दाखवली तिथे ते बांधले, पाण्यानेच राखले, आणि शत्रू आला तो कोरड्या बाजूने. म्हणून जाताना एवढं ध्यानात ठेवा.

निघण्याआधी तिथी बघा. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरून चाला. अलिबागच्या कुलाब्याला चालत जायचं असेल तर द्वितीया-तृतीया गाठा. तेव्हा सकाळी साडेसात-आठला पाणी चांगलं हटलेलं असतं. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराची, सोयीची वाटते. पण तेव्हा भांग असतो, पाणी पुरतं हटत नाही. आणि परतीची वेळ आधी ठरवा, मग किल्ल्यात शिरा. कुलाब्याच्या तटाचे मोठाले दगड बघायला विसरू नका. चुना न भरता नुसते एकावर एक रचलेत. लाट फटींत शिरते, तिचा जोर तिथेच जिरतो.

तटाकडे पाठ करून उभे राहा. मढचा कोट जुन्या कागदांत वर्सोव्याचा किल्ला म्हणून येतो. फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगीजांनी, सतराव्या शतकात बांधला. आत जायला परवानगी लागते, कारण तो हवाई दलाकडे आहे. पण बाहेरून बघायचं ते सगळं दिसतं. समोर खाडीचं तोंड, पलीकडे वर्सोवा. ओहोटीला खाडीतल्या होड्या चिखलात कलंडलेल्या दिसतील. मोठ्या गलबताला आत यायचं तर भरतीची वाट बघत तोंडाशी थांबावं लागणार, म्हणजे तोफेच्या टप्प्यातच. कोट इथेच का, याचं उत्तर तिथे मिळतं. दक्षिणेला माहीमची खाडी. 1665 मध्ये मुंबई इंग्रजांकडे गेली आणि ती खाडी दोन राज्यांची हद्द झाली. अलीकडे फिरंगी, पलीकडे माहीम-शीवचे इंग्रजी कोट.

कोरडी बाजू शोधा. कुठल्याही खाडीकाठच्या कोटाला विचारायचा प्रश्न एकच: पाय न भिजवता इथे कुठून येता येईल? वसईला पाणी नि दलदल तीन बाजूंना, जमीन उत्तरेला. फिरंग्यांकडून वसई घ्यायला आलेल्या मराठा सेनापती चिमाजी अप्पांच्या फौजेने मोर्चे तिथेच लावले, सुरुंग तिथल्याच बुरुजांखाली पेरले. 1737 ला सुरू झालेली मोहीम 1739 च्या मे महिन्यात फत्ते झाली, पाऊस कोसळायच्या आत. मढचा कोटही त्याच साली मराठ्यांकडे आला आणि 1774 मध्ये साष्टीबरोबर इंग्रजांकडे गेला.

गोडं पाणी कुठे, ते विचारा. चहूकडे समुद्र असून घोटभर पाणी नसेल तर किल्लेदार किती दिवस टिकणार? वांद्र्याचा कोट 1640 चा. तिथे गोड्या पाण्याचा झरा होता, जहाजं पाणी भरून पुढे जात. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव, तिन्ही विहिरी भर समुद्रात गोड्या. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलंय की गड बांधण्याआधी पाणी बघा. झरा असला तरी टाकी बांधा, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटतात. आणि साठवलेलं पाणी अडीअडचणीसाठी राखा. तेव्हा किल्ल्यात शिरलात की आधी विहीर नि टाकं शोधा. त्यात बाटल्या, कागद टाकू नका.

कोटाभोवतालची जमीनही वाचा. मार्वे रोडने जाताना मीठचौकी लागते, ती उगाच नाही. या पट्ट्यात खाजण, मिठागरं आणि तिवरं. खाजणाला बांध घालायचा, बांधाला उघाडी ठेवायची. भरतीला ती बंद, ओहोटीला उघडी, म्हणजे खारं पाणी आत येत नाही नि पावसाचं तुंबत नाही. चिखलात घोडं रुततं, तोफेचं चाक रुततं. म्हणून फौजेला वाट उरायची ती बांधावरची किंवा उताराची, म्हणजे खाडी पायी ओलांडायच्या जागेची. ज्याच्या हातात उतार, त्याच्या हातात मुलूख. आज तीच तिवरं उधाणाचं पाणी अडवतात. तिथे भराव पडताना दिसला तर गप्प बसू नका.

कोळ्याचं ऐका. वर्सोवा-मढ तर, म्हणजे फेरीबोट, चालू आहे का, ते पावसाळ्यात आधी विचारा. वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या मावशीला भरतीची वेळ विचारलीत तर मोबाइल काढायची गरज पडणार नाही. आणि येताना अक्साला थांबलात तर किनाऱ्यावरच बसा. तिथली वाळू सरकते, ओहोटीची ओढ खाली पायाला धरते, पोहता येणारेही तिथे बुडालेत. जीवरक्षकाने शिट्टी मारली की हुज्जत न घालता बाहेर या. ज्या पाण्याने फौजा रोखल्या, त्याच्यापुढे आपल्या पोहण्याची मिजास चालत नाही.